बारीक मान

तेरवीच्या पंगतीआधी हरीओमशेठ आला. वाशीमबाहेर त्याचा कृत्रिम माणकं बनवायचा कारखाना. वैजयंतीच्या बाबांनी, उत्तमरावांनी, तिथं एकोणीस वर्षं भट्टी सांभाळली होती. बारीक पूड ज्वाळेतून खाली पडायची, वितळून सळईच्या टोकावर साचायची, आणि काही तासांत गाजराच्या आकाराचा लाल खडा वाढायचा.

तसाच एक खडा शेठनं वैजयंतीच्या हातात दिला.

"तुह्या बाबाच्या हातचा शेवटचा. फोटोपुढं ठेव. घरचं माणूस होतं आमचं."

घरच्या माणसाला तोंडाला बांधायला धड फडकंही मिळालं नव्हतं. खोकल्यानं गेले. वैजयंतीनं खड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

बाबा सुरुवातीला पूड अगदी जपून सोडत. खड्याची मान, म्हणजे सळईला चिकटलेलं टोक, काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक ठेवली, तर एकच स्फटिक तग धरतो. मग हळूहळू पोट फुगवायचं. घाई केली, की मान जाड आणि आत दहा स्फटिकांची रेटारेटी. जेवता जेवता त्यांनी हे तिला कितीदा सांगितलं असेल. या खड्याची मान तिच्या करंगळीएवढी होती.

"काका, हा बाबाचा नाही."

"कायले असं बोलून राह्यली? लोकं बसले आहेत," शेठ म्हणाला.

"बसू द्या."

तिनं आतून पक्कड आणली. बाबांच्या खड्याची मान मोडली, की खडा उभा चिरून दोन सरळ फाका होत. तिनं मान मोडली. खड्याचा चुरा पाटावर सांडला.

"वैजू, आजच्या दिवशी तरी," आई पुटपुटली.

"बाबाचा कुठं आहे?"

शेठनं चपलांकडे पाहिलं. "जयपूरले धाडला. नमुना म्हणून. मोठी ऑर्डर आहे."

"कोणाच्या नावानं?"

"अंकुरच्या. आमचा पोरगा भट्टी शिकून राह्यला ना आता."

"मंग हा त्याचाच," ती चुऱ्याकडे बघत म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आई, पत्रावळी मांडू नको. शेठ, जयपूरले फोन लावा. इथंच. सगळ्यांसमोर."

मांडवातला एक म्हातारा म्हणाला, "लावा ना शेठ. भूक लागली."

शेठनं फोन लावला. "तो नमुना... आमच्या कारागिराचा आहे."

"नाव," वैजयंती म्हणाली.

"उत्तमराव." तो फोन ठेवायला लागला.

"थांबा. ते आता नाहीत, हेही सांगा."