तोंडात तांबूल, हातात मी

मी एक जुना टिकटिक्या आहे, मित्रांनो. बटण दाबलं की आकडा एकानं वाढतो. पत्रा गंजलाय, पण ऐट शाबूत आहे. आसाममधल्या आमच्या नदीतले शिहू, म्हणजे डॉल्फिन, मीच मोजले!

तेव्हा नदीत वाळू उपसायचं यंत्र येणार होतं. परवाना देणाऱ्या साहेबांची अट होती, शिहू दहाच्या वर असतील तरच यंत्र थांबेल. पहिल्या फेरीत मी सातवर थांबलो. मरमी बायदेउ, मोजणीवाली ताई, म्हणाली की शिहू श्वासापुरता वर येतो, बुडालेले कोण मोजणार? कोळ्यांचा अंदाज दहा ते चाळीस. तिथून सुरुवात करायची आणि प्रत्येक फेरीगणिक तो अंदाज आवळत न्यायचा, असं तिनं ठरवलं.

मग दोन नावा निघाल्या, एकीमागे एक. पुढच्या नावेत मी, मागच्या नावेत माझा जुळा भाऊ. पुढच्याला न दिसलेले मागच्याला किती दिसतात, त्यावरून नजरेतून किती सुटतात ते कळणार होतं. पण दोन्हीकडे सात! म्हणजे एकही सुटला नाही?

कसलं काय! मागच्या नावेतला धनेश्वर खुरा, म्हणजे धनेश्वर काका, शिहू दिसला की पुढे हाक मारायचा, मग पुढचेही तोच मोजायचे. बायदेउनं जाब विचारला, तर म्हणाला, "शेजाऱ्याला दाखवल्याशिवाय बघायचं? आमच्यात तसं नसतं गं."

बायदेउनं वाद घातला नाही. पुढच्या फेरीला सगळ्यांच्या तोंडात तांबूल-पान कोंबलं. खुरा गाल फुगवून नुसता हातवारे करत बसला. मी तर हसून हसून एक जादा टिकटिकणार होतो!

आता खरं कळलं. मागच्यांना दिसलेल्यातले निम्मे पुढच्यांना दिसलेच नव्हते. फेऱ्या होत गेल्या, अंदाज आवळत गेला.

साहेबांनी विचारलं, "नक्की किती?"

"बारा ते अठरा. चौदा असण्याची शक्यता जास्त."

"मला एकच आकडा द्या."

"एकच हवा तर खोटा देते, साहेब. दहाच्या खाली असतील असं मात्र जवळजवळ नाहीच."

साहेबांनी परवाना नाकारला. यंत्र आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्याला अधूनमधून मोहरीच्या तेलाचा थेंब द्या. आणि काही मोजायला बसलात, तर न दिसलेल्यांनाही जागा ठेवा. पाण्याखाली तेही श्वास धरून असतात.