फ्लेक्सच्या मापाचे फोटो

तिसगावात कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की त्यावरचा फोटो कानिफनाथने काढलेला असायचा. माणूस मोठा हौशी. फोटो जेवढा दांडगा तेवढा भारी, हे त्याचं ठाम मत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटोही त्याने फ्लेक्सच्याच मापाने शाळेच्या वेबसाइटवर चढवले आणि छाती फुगवून बसला.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली, लेक संस्कृती गावात आजीपाशी. पोरीचा स्टेजवरचा पहिलाच नाच आईने पाहिला नव्हता.

"कानिफभाऊ, नुसतं गोल फिरतंय ओ. फडात रेंज न्हाई, ऱ्हायच्या कोपीवर कशीबशी येक दांडी येती. माझी पोर दिसंना."

कानिफनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याची भाची दिपाली नगरला वेबसाइटचं काम शिकून आलेली. तिने ते पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, ह्या फोटोनं अख्खी एसटी झाकंल! मोबाईलला तळहाताएवढा पुरतो. बाकीचं वझं उगाच त्या रेंजच्या डोक्यावर."

"बारीक केलास तर पोरीचं तोंड फिसकटंल," तो कुरकुरला.

"बघा तर खरं."

तिने एकेक फोटो मोबाईलच्या रुंदीला आणला, मग त्याची फाईल हळूहळू हलकी करत गेली. चेहरा बिघडायला लागला की जरा मागे यायची. पान उघडताच सगळे फोटो एकदम अंगावर येऊ नयेत, बोट सरकेल तसे यावेत, अशीही सोय केली. संस्कृतीचा फोटो सगळ्यात वर ठेवला. कानिफनाथ डोळे ताणून खोट शोधत होता, पण मिळेना. काय हुशार पोरगी आहे, त्याला वाटलं. आपण जन्मभर फोटो मोठे करत आलो, लहान करायलाही एवढं कसब लागतं हे कधी डोक्यातच आलं नाही. त्याला भाचीचा भारी अभिमान वाटला.

संध्याकाळी सत्यशीलाचा पुन्हा फोन.

"दिसली, भाऊ! झटक्यात उघडलं. लई ग्वाड दिसती!" मग तिने विचारलं, "तिचा म्होरचा दात पडलाय व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाई."

कानिफनाथने घाईघाईने फोटो उघडला. हसऱ्या तोंडात खरंच फट होती. फोटो त्यानेच काढलेला, पण दात त्याला आत्ता दिसला. त्याने फोन दिपालीच्या हातात दिला.

"तूच बोल तिच्याशी," तो म्हणाला. "तुझ्यामुळं दिसली तिला."