भिकुबाईच्या ट्रॉलीचा विमा

"पाव्हना येवाना म्हनीसन लोके घर सजाडतस, आन आपुन दपाडी राहिनूत," लता फळीखालून पुटपुटली.

तिची आई भिकुबाई तिच्यापासून वीतभर अंतरावर गोधड्या बांधत होती. त्या ट्रॉलीत एखादी गोष्ट न ऐकण्याइतकी जागाच नव्हती, तरी तिने ऐकलं नाही. स्टोव्ह पोत्यात गेला. देवाचा फोटो पिठाच्या डब्यात गेला, त्याला मनातल्या मनात हात जोडून. आरसा, दोरीवरच्या साड्या, तव्याखालची काजळी, सगळं लपवायचं होतं. काजळी काही केल्या लपेना, म्हणून तिच्यासमोर पाळण्याचे जुने पाट उभे केले.

धुळ्याला एकवीरादेवीची यात्रा भरली होती. पांझरेच्या काठी भिकुबाईच्या नवऱ्याचा, कौतिकचा, लाकडी पाळणा फिरत होता आणि त्याच्यामागे पत्र्याची ही चारचाकी ट्रॉली उभी होती. अकरा वर्षं ट्रॅक्टरला जोडून ती सारंगखेड्याला, अमळनेरला, जिथे यात्रा तिथे जायची. पावसाळ्यात नशिराबादला थोरल्या दिरांच्या अंगणात थांबायची. घर म्हणावं तर तेच.

पण लताला दीपनगरचं स्थळ आलं. मुलगा वीज केंद्रात, राहायला क्वार्टर, नळाला पाणी. ते लोक घर पाहायला आले तेव्हा कौतिकने भावाचं स्लॅबचं घर दाखवलं, "आपलंच" म्हणून. भिकुबाई त्या दिवशी जावेच्या चुलीपाशी उभी राहिली आणि तिला मिठाची बरणी सापडेना. विचारायची सोय नव्हती. पाहुण्यांनी आळणी भाजी मुकाट्याने खाल्ली.

त्यांच्यात मुलाचे मामा होते, झुलाल नाना. धुळ्यात विम्याचं काम करायचे. त्यांना खूश करावं म्हणून निघता निघता कौतिक बोलून गेला, "नाना, आमच्या ट्रॉलीचा विमा आता तुमच्याच हातून!" नाना म्हणाले, "वस्तू पाहिल्याशिवाय मी फॉर्म भरत नसतो. यात्रेत येईन."

आणि आले. लुना लावली, टोपीने तोंडावरचा घाम पुसला, स्टुलावर बसले आणि मांडीवर फॉर्म ठेवला.

"ट्रॉली कुणाच्या नावावर?"

"हिच्या," कौतिक म्हणाला. "सासऱ्यांनी घेऊन दिली."

"मग सही विहीणबाईंची. वापर काय लिहू?"

"मालवाहू. पाळण्याचं सामान, बाकी काही नाही."

नानांनी पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. "जरा पाणी मिळेल का?"

भिकुबाईने मागे वळूनही न पाहता दारातून आत हात घातला, अंधारात तांब्या उचलला, दुसऱ्या हाताने खुंटीवरचा पेला काढला आणि भरून त्यांच्यापुढे केला. मग तिच्या लक्षात आलं आणि कान तापले. जावेच्या घरात जिला मीठ सापडलं नव्हतं ती हीच बाई.

नानांनी पाणी सावकाश प्यायलं. "खेळणीवाली हिराबाई ओळखता ना? मागच्या साली मुडावदच्या यात्रेत तिची गाडी जळाली."

"हो. वाईट झालं," भिकुबाई म्हणाली.

"तिचा फॉर्म मीच भरला होता. मालवाहू. कंपनीचा माणूस पाहणीला आला, राखेत स्टोव्ह सापडला, पलंगाच्या पट्ट्या सापडल्या. माणसं राहतात असं सांगितलं नव्हतं म्हणाला, आणि निघून गेला. एक रुपया मिळाला नाही." ते फॉर्मकडेच पाहत होते. "मला आत पाळणा बांधलेला दिसला होता, लेकराचा. पण बाईमाणसाला कसं विचारायचं, तुम्ही गाडीत राहता का म्हणून? मी विचारलं नाही. म्हणून आता विचारतो. आत माणसं राहात असली तर ते वेगळं लिहावं लागतं. सामानाचा, आगीचा विमा वेगळा. हप्ता जास्त पडतो, पण वेळ आली तर पैसे मिळतात."

"आमची माणसं नशिराबादला," कौतिक हसत म्हणाला. ते हसू पाळण्याच्या तिकिटांसारखं होतं, येईल त्याला एक फाडून द्यायचं.

"रात्री राखणीला?"

"एखादा गडी झोपतो."

"स्वयंपाक?"

"डबा येतो."

भिकुबाईने पदर दातात धरला. कुणाचा डबा, तिचा तिलाच प्रश्न पडला.

तेवढ्यात पाळण्याचा आस करकरला आणि थांबला. पाटांवर अडकलेली पोरं ओरडू लागली. लता कुठूनशी धावत गेली, खांबावर चढली, ग्रीसचा गोळा आत कोंबला आणि "चालू दे!" म्हणून ओरडली. पाळणा फिरला. उतरून ती इकडे वळली तर समोर नाना.

"ही आपली लताच ना?" नाना म्हणाले. "ही इथे कशी?"

"सुट्टी आहे," कौतिक घाईने म्हणाला. "यात्रा पाहायला आली."

लताने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग काळे झालेले दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले आणि पाहुण्यासारखी उभी राहिली. मान खाली.

इतके दिवस भिकुबाईला पत्र्याची लाज वाटत होती, स्टोव्हची वाटत होती, काजळीची वाटत होती. पोरीचे ते पाठीमागे गेलेले हात पाहून वाटली ती लाज वेगळीच होती. याच हातांवर अकरा वर्षं पाळणा फिरला होता. ते लपवायला पोरीला कुणी शिकवलं? आजच सकाळी, कुणी?

"मग मालवाहूच लिहू?" नानांनी पुन्हा विचारलं. फॉर्म तिच्यापुढे केला, पेन दिलं. "विहीणबाई, इथे सही. वाचून करा."

"कर ना," कौतिक म्हणाला. हसू तसंच, पण कपाळावर घाम.

भिकुबाईने पेन घेतलं. नाना आल्यापासून ती शहरी बोलत होती, एकेक शब्द चाचपून. आता तो चाचपायला तिला वेळ नव्हता. तिने पेन फॉर्मवर आडवं ठेवलं.

"नाना, आम्हू आठेच राहतस," ती ट्रॉलीच्या पत्र्यावर हात टेकवून म्हणाली. "बठ्ठा जन. हाईच आमनं घर शे."