घर बघायला आलेल्या बाई

आईची उशी कुठं दडवावी हे त्याला सुचेना. कपाटात मावेना, आणि पलंगावर ठेवावी तर तिच्यावरचा तेलाचा डाग लपेना. शेवटी त्यानं ती वॉशिंग मशीनमध्ये कोंबली आणि झाकण लावून टाकलं. औषधांचा डबा, शेकायची पिशवी, तिची टेकायची खुर्ची, सगळं आधीच गाडीत जाऊन पडलं होतं. भिंतीवरचे घरातले फोटो उतरले होते आणि त्यांच्या जागी एजंटनं आणून दिलेला निळा समुद्र लटकत होता. टेबलावर काचेच्या वाडग्यात पिवळीधमक लिंबं. गॅसवर कॉफी उकळत होती, ती कुणाला प्यायला नाही, नुसती वासासाठी.

"गिऱ्हाइकाला त्याचं घर दिसलं पाहिजे साहेब, तुमचं नाही," एजंटनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. "आणि आजींना तेवढा वेळ कुठंतरी हलवा."

एजंटचं तरी काय चुकलं? आधीची दोन गिऱ्हाइकं आईला खुर्चीत बसलेली पाहून चुळबुळली होती. एकानं तर तिच्यादेखत विचारलं होतं, या आजी वेळेवर जागा सोडतील ना? दोघंही पुन्हा फिरकले नाहीत. म्हणून या वेळी त्यानं फोनवरच सांगून टाकलं, घर रिकामं आहे, आई केव्हाच माझ्याकडे राहायला आली. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. हे घर विकलं गेलं की तो मोठं घर घेणार होता आणि त्यात एक खोली आईची असणार होती. आत्ताच्या त्याच्या घरात तिला पथारी टाकायलाही कोपरा नव्हता. सगळं या एका विक्रीवर अडलं होतं, असं तो बायकोला सांगे आणि त्याहून जास्त वेळा स्वतःला.

"थोडा वेळ खाली बागेत बस," तो आईला म्हणाला होता. "मी येतो न्यायला."

"कोण येणार आहे?"

"घर बघायला येतायत."

"मग मी कॉफी तरी..."

"आई, नको."

तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मागची दोन गिऱ्हाइकं का परतली हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

येणारे बऱ्याच उशिरानं आले. त्यानं चेहऱ्यावर हसू आणून दार उघडलं. बाहेर एक तरुण जोडपं उभं होतं, आणि त्यातल्या बायकोनं कोपराला धरून आधार दिलेली त्याची आई.

"सॉरी, गाडी लावायला जागाच मिळेना," नवरा म्हणाला. "या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांनाही हाच फ्लॅट बघायचाय. दोघांना एकच वेळ दिलीत वाटतं?"

आई त्याच्या खांद्यावरून आत बघत होती.

"चालेल ना?" ती म्हणाली. "फार वेळ नाही घेणार मी. आधी बाथरूम बघते."

भिंतीला हात लावत ती आत गेली. "डावीकडे," तो घाईनं म्हणाला, तेव्हा ती डावीकडे वळलीसुद्धा होती. आतून कडी लागली.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाग, बाक, सावली, पाण्याची बाटली, सगळ्याचा त्यानं विचार केला होता, फक्त या एका गोष्टीचा नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून तो स्वयंपाकघरातल्या कप्प्यांबद्दल मोठमोठ्यानं बोलत सुटला.

आई बाहेर आली, पदराला हात पुसत. "पाण्याला जोर चांगला आहे," तिनं त्या मुलीला सांगितलं.

मग ती त्यांच्याबरोबर सगळ्या खोल्या फिरली. ही खिडकी उघडी ठेवली तर वारा छान येत असणार, म्हणाली. इथं पाळणा मावेल, म्हणाली, आणि मुलगी लाजली. आईनं आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं, पण त्या दिवशी तिनं एजंटवर ताण केली. तो मागून चालत राहिला.

"इथं आधी कोण राहायचं हो?" तिनं त्याला विचारलं.

"माझी... आई."

"बरी होती ना इथं?"

"हो. असावी."

"झालं तर मग."

नवराबायको बाल्कनीत जाऊन कुजबुजले. परत आल्यावर मुलगी आईजवळ आली.

"काकू, आम्हाला घर पसंत आहे. पण तुमचा जीव जडलेला दिसतोय इथं. तुम्हाला हवं असेल तर आम्ही दुसरं बघू, खरंच. तुम्ही या वयात किती घरं हिंडणार?"

"नाही गं बाई. मला एकटीला एवढं काय करायचंय? तुम्हीच घ्या."

"बरोबर कुणी नाही आलं तुमच्या?"

"मुलगा आहे ना. त्याला कामं असतात." आई थोडी थांबली. "चांगला आहे तो."

तो लिंबांकडे बघत राहिला.

"येते हं," म्हणत आई दाराशी गेली आणि तिनं चपलांत पाय सरकवले. गुडघे धरल्यापासून तिला वाकता येत नसे. ती भिंतीला पाठ टेकून पाय जरासा पुढं करून थांबे आणि घरात जो कुणी असेल तो खाली बसून पट्टा लावून देई. आत्ताही सवयीनं ती तशीच थांबली, आणि तोही सवयीनंच जाऊन खाली बसला. पट्टा बकलात ओवला, सुजेवर काचत तर नाही ना, हे आत बोट घालून पाहिलं. मागं चाललेलं बोलणं थांबल्याचं त्याच्या लक्षात आलं ते त्यानंतर.

"राहू द्या हो," आई वरून हळूच म्हणाली. "मी लावीन."

दोन्ही पट्टे लागले होते. पण उठलं की मागं वळावं लागणार होतं. त्यानं पहिल्या चपलेचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावायला घेतला.