पाहुण्यांची आवडनिवड

ही गोष्ट १९९६ सालची. तेव्हा फोन घरोघरी आले होते, पण भिंतीशी बांधलेले होते. खिशात बसून माणसाच्या मागे हिंडायला लागले नव्हते. माणूस बाहेरगावी गेला की गेला. तो तिथे काय खातो, कसा झोपतो, हे त्याने परत येऊन सांगितलं तरच घरी कळायचं. आणि ताईंचे यजमान सांगणाऱ्यांतले नव्हते.

ते पाण्याच्या पंपांच्या कंपनीत विक्री बघायचे. महिन्यातले दोन-तीन आठवडे बाहेर, बहुतेक त्या समुद्रकाठच्या शहरात. लग्नाला तीस वर्षं झाली तरी हाच क्रम. ताईंच्या धाकट्या बहिणीने म्हणून त्यांचं नावच 'पाहुणे' ठेवलं होतं. फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, पाहुणे आलेत की गेलेत?"

पाहुणे घरात वागायचेही तसेच. ताटात पडेल ते खायचे आणि वर 'छान झालंय' म्हणायचे. ताई अभिमानाने सांगायच्या, "आमच्याकडे कसली म्हणून कटकट नाही." बहीण म्हणायची, "कटकट घरच्या माणसाची असते, ताई."

त्या वर्षअखेर पाहुणे निवृत्त व्हायचे होते. ताईंनी खिडकीपाशी त्यांच्यासाठी खुर्ची घेतली, पायाशी ठेवायला चौरंग घेतला. आणि एक दिवस कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "आणखी दोन वर्षं राहता का? त्या शहराचं काम तुम्हीच बघा. महिन्यातले तीन आठवडे तिकडे. हॉटेल तुम्ही सांगाल ते कायमचं ठरवून देतो. सोमवारी फोन करून कळवा."

पाहुण्यांनी घरी येऊन हे सांगितलं.

"मग? तुम्हाला काय वाटतं?" ताईंनी विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"आणि हॉटेल कुठलं?"

"कुठलंही चालेल."

ताईंना हवं होतं की माणसाने आता घरी यावं. पण हे आपण म्हणायचं आणि त्यांनी मान डोलवायची, म्हणजे तो माणूस खुर्चीत बसला तरी पाहुणाच राहणार. त्यांना 'हो' ऐकायचं नव्हतं. पाहुण्यांच्या मनात काय आहे ते ऐकायचं होतं.

पाहुण्यांच्या पाकिटात तीन हॉटेलांची सभासद कार्डं होती: एक सोनेरी, दोन रुपेरी. तिन्हींवर साठलेल्या पॉइंटांतून एकेक रात्र फुकट मिळत होती, आणि ती वर्षअखेर बुडणार होती.

"मी येते," ताई म्हणाल्या. "तिन्ही बघू. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी साहेबांना काय ते कळवा."

बहिणीने फोनवर म्हण ऐकवली. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सांभाळ गं बाई!"

पहिलं हॉटेल ऐन किनाऱ्यावर, उंचच उंच. सोनेरी कार्ड दाखवताच रिसेप्शनवरच्या मुलाने साधी खोली बदलून समुद्रासमोरची दिली. ताई आयुष्यात पहिल्यांदाच अशा ठिकाणी उतरत होत्या. त्यांनी खोलीची झडतीच घेतली. आंघोळीनंतर घालायचा पांढरा जाड झगा होता, केस भिजू नयेत म्हणून टोपी होती, बूट चढवायला शिंगासारखा चमचा होता. "अहो, हे सगळं कार्डावर?"

"हो. शिवाय दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत खोली सोडावी लागत नाही."

"आणि इतकी वर्षं तुम्ही घरी येऊन सांगायचात, 'बरी आहे सोय'!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वेटरने मोठी थाळी आणून ठेवली: कापलेली पपई, काठोकाठ. "साहेबांची आवडती," तो हसून म्हणाला. "दर वेळी आम्ही आठवणीने ठेवतो."

ताई बघतच राहिल्या. तीस वर्षांत घरात पपई आली नव्हती, कारण ताईंना तिचा वास सहन व्हायचा नाही. इथे पाहुणे मुकाट्याने एकामागून एक फोड तोंडात टाकत होते. आपल्याला ठाऊक नाही आणि या पोराला ठाऊक! पण मत्सराहून उत्सुकता मोठी होती. आणखी काय काय असेल या माणसाचं, जे हॉटेलांना माहीत आहे?

शनिवारचं हॉटेल बंदराजवळ, जुन्या दगडी इमारतीत होतं. इथे रुपेरी कार्डवाल्यांसाठी वेगळी बैठक होती. संध्याकाळी तिथे चहा आणि बिस्किटं हवी तितकी, वर्तमानपत्रं, पायांखाली मऊ गालिचा. ताईंनी प्रत्येक जातीचं बिस्किट चाखलं. "कालच्यापेक्षा इथलं आदरातिथ्य भारी आहे," त्यांनी निकाल दिला. "पण झगा पातळ."

खोली मात्र मागच्या बाजूला निघाली. खिडकीतून समुद्र नाही, हॉटेलच्या धुलाईघराची भिंत. पलंगावर उशी अशी कडक, की पाटाला खोळ घातल्यासारखी. आणि चहा आला तो बिनसाखरेचा.

ताई तडक रिसेप्शनवर गेल्या. तिथली मुलगी चटपटीत होती, चष्मा डोक्यावर सारून बोलायची.

"काही चुकलं का, काकू?"

"चुकलं नाही गं. मला फक्त सांग, यांना अशी खोली आणि अशी उशी का?"

"साहेबांना तशीच लागते ना! बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा हॉटेल भरलेलं होतं, मागचीच खोली उरली होती. आम्ही माफी मागितली, तर म्हणाले, 'उलट बरंच झालं, शांत आहे.' उशीचंही तेच. त्या दिवशी मऊ उशा धुवायला गेल्या होत्या. म्हणाले, 'मस्त आहे, मान सरळ राहते.' चहात साखर घालायची राहिली, तर म्हणाले, 'असाच चांगला लागतो.' सभासदांची आवड लक्षात ठेवायची, हा आमचा नियमच आहे."

ताई जिना चढता चढता मध्येच थबकल्या.

लग्नानंतरची पहिली सकाळ त्यांना आठवली. सासूबाई मागे उभ्या, मोजता मोजता चुकलं, आणि नव्या नवऱ्याच्या कपात साखरेचे तीन चमचे पडले. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "फर्मास!" त्या दिवसापासून आजवर ताई तीन चमचेच घालत आल्या होत्या. हॉटेलने बारा वर्षं जे केलं, तेच त्यांनी तीस वर्षं केलं होतं. फक्त त्यांनी कार्ड दिलं नव्हतं, एवढंच.

खोलीत येऊन त्यांनी थेट विचारलं, "अहो, तुम्हाला पपई आवडते?"

पाहुण्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "नाही."

"मग काल थाळी साफ केलीत ती?"

"अगं, पहिल्यांदा ठेवली होती तेव्हा म्हणालो, वा, छान. आता ते प्रेमाने ठेवतात. कसं सांगायचं?"

"भीड ही भिकेची बहीण, ऐकलंय ना?" ताई म्हणाल्या. "आणि माझा चहा?"

पाहुणे धुलाईघराच्या भिंतीकडे बघत राहिले, जणू तिथेच समुद्र होता.

रविवारचं हॉटेल टेकडीवर होतं, दीपस्तंभाच्या वाटेला. छोटंसं, आणि कार्डावर मिळणाऱ्या सोयींच्या बाबतीत सगळ्यांत कंजूष. झगा नाही, बैठक नाही, फळं नाहीत. फक्त नाश्ता फुकट आणि खोलीची खिडकी मोठी. इथे पाहुणे एकदाच येऊन गेले होते (पॉइंट साठले ते याच मालकाच्या दुसऱ्या गावच्या हॉटेलांत), त्यामुळे त्यांची आवड अजून कुणी ठरवली नव्हती.

सोमवारी सकाळी नाश्त्याला ताईंनी चहाची किटली मागवली, साखरेचं भांडं मागवलं आणि वर चार रिकामे कप.

"आणखी कुणी येणार आहे?" वेटरने विचारलं.

"नाही हो. परीक्षा आहे."

ताईंनी चार कपांत चहा ओतला. एकात साखर नाही, दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन. कप पाहुण्यांपुढे मांडले. "प्या. आणि 'छान' म्हणाल तर बघा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. हॉटेल कुठलं, नोकरी करायची की नाही, ते मागाहून. आधी चहा."

पाहुण्यांनी एकेक घोट घेतला. परत पहिल्यापासून घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. साठीच्या माणसाला आपल्या चहात किती साखर लागते ते खरोखरच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी दुसरा कप पुढे ओढला.

"हा. एक चमचा."

"नक्की?"

"नक्की. हा बिनसाखरेचा औषधासारखा लागतो. आणि तो तुझा... तो पाक आहे गं!"

ताईंना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. आणि पाहुण्यांच्या तोंडाला जणू झरा फुटला. उशी मऊ हवी. खिडकी उघडणारी हवी, समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण त्याचा वारा आला पाहिजे. पंख्याखाली झोपलं की त्यांचे खांदे धरतात. ताई मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि नोकरी?"

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "सोडायची नाही मला," ते म्हणाले. "मला काम आवडतं. घरी बसायची भीती वाटते. तू खुर्ची आणलीस, तेव्हापासून जास्तच."

ताईंचं हसू मावळलं. तीन दिवस ज्या उत्तरामागे त्या धावल्या होत्या, ते असं निघालं. त्यांच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं, 'तुम्ही जा, माझं काय, मी राहीन.' ते त्यांनी गिळलं. दुसऱ्याच्या कपात डोकावून झालं होतं, आता आपल्याही कपात बघायला हवं होतं.

"मला एकटीने राहायचा कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या. "खूप वर्षं झाली."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही पपई खात होतात, मी हे खात होते."

पाहुणे मग उठून रिसेप्शनवर गेले आणि तिथून त्यांनी साहेबांना फोन लावला. ताईंना इथूनही ऐकू येत होतं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच ते मोठ्याने मागत होते. "नाही, तीन आठवडे नाही जमणार. दोन करीन. आणि बायको बरोबर असेल. हॉटेल? टेकडीवरचं. नाही साहेब, दुसरं नको. हेच."

साहेबांनी कुरकुर केली, पण मानलं.

पाहुण्यांनी ती दोन वर्षं केली, मग आणखी एक. ताई दर खेपेला बरोबर गेल्या. ते पंप विकायला गेले की त्या शहरभर हिंडायच्या आणि संध्याकाळी त्यांना शहराच्या बातम्या सांगायच्या. पुढे पाहुणे घरी आले, खुर्चीत बसले, आणि मीठ कमी, पोळी जाड, पंखा बंद कर, असं दिवसभर सांगू लागले. बहीण म्हणाली, "पाहुणे होते तेच बरे होते." पण ती हसत म्हणाली. बहीण आता मुलाकडे परदेशात असते आणि फोनवर अजून त्यांना पाहुणेच म्हणते, ते जाऊन सात वर्षं झाली तरी.

किनाऱ्यावरचं उंच हॉटेल पाडून तिथे राहण्याचे फ्लॅट झाले. ते बंद होईपर्यंत पाहुणे कधीमधी कामाच्या भेटीगाठींसाठी तिथे जात आणि पपई खात. तेवढं मात्र त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. बंदराजवळच्या हॉटेलातली चष्म्याची मुलगी तिथेच मॅनेजर झाली आणि नव्या मुलांना शिकवते, की पाहुण्याने 'छान' म्हटलं तर एकदा पुन्हा विचारायचं. टेकडीवरचं हॉटेल अजून आहे, तेवढंच कंजूष.

ताई वर्षातून एकदा तिथे जातात. खिडकीपाशी बसून चहा मागवतात. त्यांना स्वतःला दोन चमचे लागतात, हे त्यांना त्या सोमवारी, उरलेले कप संपवताना कळलं होतं.