सत्संग परमिट रूममधली पहिली फॅमिली

हिंगोलीत दारू पिणारा माणूस एकही नाही. कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि सांगताना तोंड दुसरीकडं करील. बार मात्र इतके आहेत की औंढ्याच्या रस्त्यावर एखादा पाय घसरून पडला तर त्याचं डोकं एका बारच्या पायरीवर असतं आणि चपला दुसऱ्या बारच्या. मग पितं कोण? माझा आपला संशय वानरांवर आहे.

हे मी मोहिनीला सांगितलं तर ती हसली नाही. मोहिनी म्हणजे माझ्या बहिणीची नात. पुण्याच्या एका कंपनीत आहे. ती कंपनी मोबाईलवर शहरांच्या फिल्मा दाखवते: कुठं बसून प्यावं, गाणं कुठं ऐकावं, नाटक कुठं पाहावं. पोरीनं साहेबापुढं हिंगोलीचं नाव काढलं. साहेब म्हणाला, "हिंगोली? औंढ्याला जाताना लोक तिथं लघवीला उतरतात तीच ना?" पोरीचं रक्त आमचं. तिनं टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाला, "ठीक आहे. एका दिवसाची फिल्म करून आण. जमली तर मराठवाड्याची सगळी मालिका तुझी. नाही जमली तर दुसऱ्यांच्या फिल्मांखाली अक्षरं बसवत बस."

म्हणून ती हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावला आली आणि मला म्हणाली, "आबा, हिंगोली दाखवा."

"म्हाताऱ्याला संग नेऊ नको," आमची नर्मदाबाई चुलीपाशी बसून बोलली. "ह्यायला रस्ता ठावकी हाय, पन खरं ठावकी न्हाई."

"मी माळकरी मानूस," मी म्हणालो. "बारचा रस्ता मला फक्त ऐकून ठावकी."

"व्हय, कान लई लांब हायेत तुमचे. जा. मी बी दुपारून येऊन राहिले, पाचला कीर्तन हाय हिंगोलीत. तिथं भेटा म्हंजे झालं."

हिंगोलीत जीपमधून उतरलो आणि पहिल्याच बारमध्ये शिरलो. चांदणी गार्डन. गार्डन म्हणजे प्लॅस्टिकची दोन झाडं आणि त्यांना रोज पाणी घालणारा एक माणूस. आत भर दुपारी इतका अंधार की तिथला उंदीर भिंतीला हात लावून चालतो. मालकानं मला पाहिलं आणि हाक मारली, "या पुंजाजीबाबा! नेहमीचंच का?"

"हा मला दुसरा कुनीतरी समजून राहिला," मी मोहिनीला सांगितलं.

तिनं कॅमेरा काढला. काढला मात्र, एका झटक्यात सगळ्या टेबलांवरची मेनू कार्डं उभी राहिली. एक माणूस दिसेना. नुसती कार्डं. कार्डाखालून ग्लास आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. मोहिनीनं एका कार्डाला विचारलं, "काका, इथं काय चांगलं मिळतं?"

कार्ड म्हणालं, "मी इथं पत्ता विचारायला आलो होतो."

तिथून निघालो ते कलेकडं. हिंगोलीत सभागृह आहे. रंगमंच आहे, पडदा आहे, हजार खुर्च्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा रंगमंचावर हळद चालू होती. नवरदेव मधोमध पाटावर, वरून तांबडा-निळा लाईट, आणि वऱ्हाड खाली तिकीट काढल्यासारखं रांगेत बसलेलं. मोहिनीनं पहारेकऱ्याला विचारलं, "इथं नाटक कधी असतं?"

"हे काय चालू हाय मंग?" तो म्हणाला. "नवरदेवाची आत्या आन नवरीची मामी साडीवरनं भांडून राहिल्या. तिसरा अंक हाय. बसा."

मोहिनी बाहेर येऊन पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आबा, साहेब बरोबर बोलला. दाखवायला काही नाही. दाखवण्यासारखं आहे ते कुणी दाखवू देत नाही."

आता माझी लाज होती. मी म्हणालो, "ऊठ. एक जागा राहिली. माऊलीचं सत्संग."

हॉटेल सत्संग, परमिट रूम आणि फॅमिली रेस्टॉरंट. पाटी अशीच आहे, मी काय करू? मालकाचं नाव माऊली. स्वतः पक्का माळकरी. दारू विकतो, पण शिवत नाही. बाटली फडक्यानं धरतो. एकादशीला बार बंद ठेवतो आणि द्वादशीला, ज्यांना उपास सोडायचा त्यांच्यासाठी, सकाळीच उघडतो. आत एका बाजूला फॅमिली रूम आहे: हिरवा पडदा, गुलाबाचं चित्र, धुतलेलं टेबल. बार उघडल्यापासून तिथं एकही फॅमिली आलेली नाही. माऊली तरी रोज तिथं उदबत्ती लावतो.

पण खरी गंमत दाराच्या आत, डाव्या हाताला. तिथं सागवानी फळी आणि फळीवर खिळे. माऊलीचा नियम असा की गळ्यात तुळशीची माळ असेल तर ती आधी खिळ्याला, मग हात ग्लासाला. जाताना हातपाय धुवायचे, चूळ भरायची, माळ गळ्यात घालायची, आणि बाहेर पडलेला माणूस आत कधी गेलाच नव्हता. ज्याचा त्याचा खिळा ठरलेला. आजवर गल्लत नाही. ह्या फळीनं हिंगोली जिल्ह्यातले जितके संसार वाचवले तितके कोर्टानं वाचवले नसतील.

मोहिनीनं फळी पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. "आबा, हेच! चेहरे नकोत, ह्या माळाच घेते. काढू का खाली? खिडकीजवळ उजेड चांगला आहे."

माऊली आत भजी तळत होता, आणि कॅमेरा पाहून बाकीचे गडी मेनू कार्डांआड गेले होते. मी टेबलाशी लिंबू-सोडा पीत होतो. त्याचा रंग जरा तांबूस होता, तो लिंबाचा दोष. मी म्हणालो, "काढ की. तुळशीच्या माळा हायेत, चावत न्हाईत."

तिनं सगळ्या माळा काढल्या, खिडकीत पांढऱ्या कापडावर मांडल्या, जवळून, लांबून, तिरप्या अशा घेतल्या. पोरगी शिस्तीची. परत टांगताना तिनं त्या नीट लावल्या. सगळ्यात लहान पहिल्या खिळ्याला, मग जराशी मोठी, मग मोठी. फळी अशी देखणी दिसायला लागली की विचारू नका.

साडेचारच्या सुमाराला विश्वंभर उठला. हा आमच्या भागातला पखवाजी. पाचच्या कीर्तनाला साथ त्याचीच. पखवाज त्यानं शेजारच्या खुर्चीवर बसवला होता आणि त्याच्यापुढं शेंगदाण्याची बशी ठेवली होती, मान म्हणून. त्यानं चूळ भरली, आपल्या खिळ्याची माळ घेतली आणि थांबला.

"ही माही न्हाई."

"मंग कोनाची?" सिद्धेश्वर धरणाकडचा ग्यानबा उठला. हा मेंढ्या-शेळ्यावाला. बोकड विकायला आला की सत्संगला येतो. त्यानं आपल्या खिळ्याची माळ हातात घेतली. "आरं, ही बी माही न्हाई. ही तर माह्या बोकडाच्या बी गळ्यात बसत न्हाई."

मग सगळेच उठले. दहा-बारा गडी, हातात माळा, आणि एकालाही आपली ओळखू येईना. कशी येईल? माळ असते गळ्यात. ती जगाला दिसते, आपल्याला कुठं दिसते?

"कोणत्याही घाला ना," मोहिनी रडवेली होऊन म्हणाली. "सगळ्या सारख्याच तर आहेत."

सगळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू ती म्हणाली, कोणाच्याही घरी जा, घरं सारखीच आहेत. मीच तिला समजावलं. दुसऱ्याची माळ घातली की दुसऱ्याचे उपास आपल्याला लागतात. गोरेगावच्या बाजारात एकानं चुकून दुसऱ्याची घातली, तर संध्याकाळी त्याचे पाय आपोआप त्या दुसऱ्याच्या घराकडं वळले. तिथल्या कुत्र्यानं शेपूट हलवलं, म्हशीनं पान्हा सोडला. फक्त बाईला फरक कळला, आणि तिनं लाटणं घेतलं. हे मी डोळ्यानं पाहिलंय. निदान लाटणं तरी.

"आणि बिनमाळेचं घरी गेलं तर?" तिनं विचारलं.

"बिनमाळेचं?" ग्यानबा म्हणाला. "पोरी, त्यापरीस बिनमुंडक्याचं गेलेलं बरं."

माऊली बाहेर आला, फळी पाहिली आणि तिथंच खाली बसला. "आजवर माह्या बारमधून कोनी पाप घेऊन बाहेर गेला न्हाई," तो म्हणाला. "आता सगळं इथंच मुक्कामाला."

पाच वाजायला आले. लांबून मंडपातला भोंगा ऐकू यायला लागला: "पखवाजवादक विश्वंभर महाराज जिथं असतील तिथून त्यांनी लवकरात लवकर..." विश्वंभर घामानं भिजला. घाबरला की त्याची बोटं थांबत नाहीत. तो स्टीलच्या ट्रेवर ठेका धरायला लागला.

"पखवाजच वाजव ना," मी म्हणालो.

"वाद्याला पाप लावू का?" तो माझ्यावर खेकसला. आणि ट्रेवर असा ठेका वाजवला की टेबलावरचे ग्लास त्या तालावर सरकत ज्याच्या त्याच्यापुढं जाऊन थांबले. ग्यानबाला राहवेना. त्यानं कानावर हात ठेवला आणि धनगरी ओवी उचलली. आवाज असा की भिंतीवरची पाल पुढं येऊन बसली.

मोहिनीचा हात कॅमेऱ्याकडं गेला. मेनू कार्डं उभी राहिली. तिनं हात मागं घेतला. मी पाहिलं ते. समोर तिची सगळी मालिका चालू होती, आणि तिला ती घेता येत नव्हती.

शेवटी मी म्हणालो, "माळा वळखनार कोन? ज्यांनी ववून दिल्या त्या. फोन लाव, विश्वंभर."

विश्वंभरानं मंडपात बसलेल्या बायकोला, सुभद्राबाईला, फोन लावला. "ऐकलं का... मी जरा... त्या माऊलीच्या हाटेलात..."

"ठावकी हाय," पलीकडून आवाज आला. "तेच विचारून राहिले, अजून तिथंच हाव का?"

त्यानं अडचण सांगितली. फोन बंद झाला. आणि क्षणभरानं मंडपाचा भोंगा खरखरला. त्यात सुभद्राबाईचा आवाज, सगळ्या हिंगोलीवर: "समद्या बायांना कळवन्यात येतं की ज्या ज्या बाईचा मालक सत्संग परमिट रूममधी अडकला हाय, तिनं आपली माळ वळखायला यावं. तकलीफबद्दल माफी."

बारमधले सगळे गडी हातातल्या माळांसकट मेनू कार्डांमागं गेले.

बाया आल्या. एक-दोन नाही, सगळ्या. निम्म्यांचे नवरे तर आत नव्हतेच. ते नेमके कुठं आहेत हे पाहायला त्या आल्या होत्या. सगळ्यांत पुढं सुभद्राबाई, तिच्यामागं ग्यानबाची रूपाबाई. माऊलीनं घाईनं हिरवा पडदा बाजूला केला आणि हात जोडले. "या, या. फॅमिली रूम." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांची उदबत्ती फळाला आली.

बाया ऐसपैस बसल्या. "काय मिळतं हितं?" रूपाबाईनं विचारलं.

"भजी हाय, सोडा हाय, थम्सअप हाय..."

"समद्यायला आन. बिल ह्या गड्यायच्या नावावर."

माळा पुढं आल्या. सुभद्राबाईनं एक उचलून गाठ पाहिली. "ही आमच्या ह्यायची. गाठीत माह्या जुन्या चोळीचा दोरा हाय, हिरवा." रूपाबाईनं एक हुंगली. "ही ग्यानबाची. माळ न्हाई, बोकड हाय ही." गडी एकेक करून पुढं जायचे, मान खाली घालायचे, बायको माळ घालायची. स्वयंवर म्हणा ना. फक्त नवरे जुने.

मोहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मावशी, मी हे घेऊ का कॅमेऱ्यात? पुण्याला दाखवायचंय. पण हे सगळे..." मेनू कार्डं परत हालली.

"त्यायचं ऱ्हाऊ दे," रूपाबाई म्हणाली. तिनं पदर सारखा केला आणि थम्सअपची बाटली तोंडापुढून बाजूला धरली. "आमचं तोंड घे. आमी काय लपवून राहिलो? आन माह्या मालकाचा आवाज बी घे. आवाजाला काय तोंड अस्तंय?"

मग काय. विश्वंभराला माळ मिळाली होती, आता पखवाज चालत होता. त्यानं थाप मारली, ग्यानबा कार्डामागून गायला, आणि फॅमिली रूममधून बाया गौळण म्हणायला लागल्या. मंडप रिकामा पाहून कीर्तनकार बुवा शोधत आले. पायरीच्या अलीकडंच थांबले. "मी आत येत नाही," ते म्हणाले, "पण टाळ कुणाच्या तरी हातात द्या. लय चुकून राहिलीय." आणि स्वतःच बाहेरून लय धरली. मोहिनी टेबलावर चढून, खाली बसून, दारात पालथी पडून सगळं घेत होती. एका जागी बार, गाणं, नाटक आणि धर्म. साहेबाला आणखी काय पाहिजे?

सगळं आटोपलं तरी फळीवर एक माळ राहिली.

"ही कोनाची?" माऊलीनं विचारलं. मी छताच्या पंख्याकडं पाहत होतो. पंखा फार चांगल्या कंपनीचा होता.

फॅमिली रूममधून नर्मदाबाई उठली. माळ हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही. सरळ माझ्यापुढं आली.

"वाका," ती म्हणाली.

"अगं, मी फकस्त रस्ता दाखवायला..."

"वाका म्हन्ते."

मी वाकलो. तेवढंच माझं फिल्ममध्ये आहे: वाकलेलं टक्कल. मोहिनी म्हणते, तिथंच साहेब सगळ्यात जास्त हसला. मालिका तिला मिळाली. पुढची फिल्म परभणीची आहे, आणि तिकडं तिनं मला बोलावलं नाही, आजीला बोलावलंय.

आमचं म्हणाल तर बाजाराच्या दिवशी आता सत्संगला जागा मिळत नाही. फॅमिली रूम भरून बाया बाहेरच्या टेबलांवर आल्यात, भजी खातात, गौळण म्हणतात. माऊलीनं खिळे काढून तिथं पिशव्या टांगायला कड्या लावल्या. आम्ही गडी पायरीवर उभे असतो, गळ्यात माळ घालून, कोरडे.

आता विचारा कुणालाही. हिंगोलीत दारू पिणारा माणूस एकही नाही.