दुरुस्ती-वहीतली अकरा वर्षं

दीनानाथ भागवतांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकच लबाडी केली होती. पण ती अकरा वर्षं, जवळजवळ रोज केली होती.

ज्वारी-बाजरीच्या बियाण्यांवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेचं दप्तर ते सांभाळत. संस्थापकांचा गावोगावच्या शेतकऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार त्यांच्याच खोलीत होता, आणि फाटलेली पत्रं जोडायचं कामही त्यांचंच. मंडईमागच्या एका बाइंडरकडून ते तरुणपणीच शिकले होते: मैद्याची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, वरून पातळ पांढरा कागद. ब्याण्णव साली तेव्हाचे संचालक परदेशातून आले ते पारदर्शक चिकटपट्टीची खोकी घेऊनच. देश खुला झाला, आता खळ-बिळ बंद, फक्त टेप, असा लेखी हुकूम निघाला. भागवतांनी हुकूम शिरसावंद्य मानून टेप हातात घेतली, तर तिचं टोकच सापडेना. चष्मा पुसला, नखाने खरवडलं, दिव्याखाली धरली. सापडलं तेव्हा पट्टी उभी चिरली. माणूस मुळात तापट. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने पुन्हा खळ शिजवली आणि दुरुस्ती-वहीत लिहिलं, 'टेप लावली.' खाली सही. मला टोक सापडत नाही, हे संचालकांना जाऊन सांगणं त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

आणि आता, निवृत्तीला बारा दिवस उरले असताना, संस्थेला आपला इतिहास जपायची उपरती झाली होती. तळमजल्यावर अभिलेखागार उभं राहत होतं. लोखंडी मांडण्या आल्या, स्कॅनर आला, आणि ते सगळं उभं करायला दिल्लीची नोकरी सोडून आम्रपाली ओव्हाळ आल्या. बाई पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, कागदाला शिवण्याआधी हात धुणाऱ्या. भागवतांना त्या पहिल्याच दिवशी पसंत पडल्या होत्या. शुक्रवारी त्यांनी दुरुस्ती-वही वाचायला नेली आणि संध्याकाळी म्हणाल्या, "भागवतकाका, सोमवारी अकराला पत्रांचं पहिलं गाठोडं उघडू. तुम्ही हवेत."

शनिवार-रविवार भागवतांच्या घशाखाली घास उतरेना.

"अहो, आमटीत काही कमी आहे का?" त्यांच्या पत्नी पद्मजाबाईंनी विचारलं.

"आमटी उत्तम आहे. माणूस बिघडलाय."

भागवतांच्या निरोप समारंभाची पत्रिका छापून आली होती. 'निष्कलंक सेवा' असं तिच्यात ठळक अक्षरांत होतं. गाठोडं उघडलं की हा निष्कलंक गृहस्थ रोज खोट्यावर सही ठोकत होता, हे साऱ्या संस्थेला दिसणार होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी नावाखेरीज कमावलं तरी काय होतं? सोमवारी बिबवेवाडीहून निघालेल्या बसमध्ये त्यांनी ठरवून टाकलं. कोणी पकडण्याआधी आपणच सांगायचं.

साडेदहालाच ते तळमजल्यावर उतरले. आम्रपालीबाई गाठोडं समोर घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल झाले होते.

"मॅडम, मला जरा बोलायचंय."

"आधी हे उघडू दे, काका. तीन रात्री झोप नाही मला. वहीप्रमाणे तेवीसशे पत्रांना टेप आहे. टेपचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो, शाई खराब करतो. एकदा मुरला की काढणं महाकठीण. ह्या पत्रांसाठी मी दिल्ली सोडली. तीच गेली असतील तर इथे जपू काय, मांडण्या?"

"अहो, तेच सांगतोय—"

पण त्यांनी गाठ सोडली होती. पहिलं पत्र त्यांनी उजेडात धरलं, उलटवलं, जोडावरून हलकेच बोट फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं. पाचव्या पत्रानंतर त्यांनी मान वर केली.

"टेप कुठाय?"

"कपाटात," भागवत म्हणाले. "छत्तीस रिळं. उन्हाळ्यांनी त्यांचा एक लाडू झालाय. मला टोक सापडायचं नाही, मॅडम. मी खळच लावत होतो. वहीत लिहिलंय ते सगळं खोटं. काय कारवाई करायची ती करा."

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "काका, खळ पाण्याने सुटते! कागद धड आहे, शाई धड आहे. वाचली हो सगळी!"

भागवत समोरच्या स्टुलावर बसले. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तो उतरल्यावरच त्यांना त्याचं वजन कळलं. "हुकूम मोडल्याबद्दल शाबासकी," ते पुटपुटले. "आधी कळवलं असतंत तर आणखी मोडले असते." मग धीर करून म्हणाले, "ती वही तेवढी फाडून टाकू या."

"वही फाडायची नाही. खाडाखोडही नाही. तीही आता दस्तऐवज आहे." बाईंनी डोळे पुसले. "पण पन्नास वर्षांनी ती वाचून कोणाची माझ्यासारखी झोप उडायला नको. शेवटच्या पानावर खरं काय ते तुम्हीच लिहा."

भागवतांनी पेन काढलं. 'या वहीत जेथे जेथे टेप लावली असे लिहिले आहे, तेथे खळ लावली आहे. टेपचे टोक मला सापडत नसे.' खाली तारीख घातली आणि सही केली.

आम्रपालीबाईंनी अभिलेखागाराची कोरी नोंदवही पुढे ओढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: 'क्रमांक १. दुरुस्ती-वही, १९९२ ते २००३. दीनानाथ भागवत यांच्या खुलाशासह.'

"अहो, संस्थापकांच्या आधी माझं नाव?" भागवत दचकले.

"त्यांची पत्रं दोनपासून. ती कोणी वाचवली, ते आधी लिहून ठेवू."

भागवत उठले आणि हात धुऊन आले. मग पहिलं पत्र बाईंपुढे सरकवून म्हणाले, "लिहा, क्रमांक दोन."